रोबो लॉनवर अडतो, चूक गच्चीवर असते: बिनतारी मोव्हरवाल्यांनो, या चुका टाळा

गेल्या ऑगस्टमध्ये प्रभात रोडच्या एका गल्लीतून फोन आला. "अहो, आमचा रोबो वेडा झालाय. येऊन बघता का जरा?" मोव्हर, म्हणजे कडेनं तार न पुरता आपणहून फिरून लॉनचं गवत कापणारं यंत्र, नवाच होता. जूनपासून लॉनवर रेघ आखल्यासारखे पट्टे मारत होता आणि आता अचानक झेंडूच्या वाफ्यात शिरून रोपं छाटायला लागला होता. काकांनी चाकं धुतली होती, पाती बदलली होती, ॲप काढून दोनदा परत टाकलं होतं. मी लॉनवर न जाता जिना चढून गच्चीवर गेलो. कठड्यावर बेसचा, म्हणजे रोबोला वाट सांगणाऱ्या अँटेनाचा, पांढरा खांब होता आणि त्याच्या डावीकडे चार भोकं, सिमेंटनं बुजलेली. गळती काढायला आलेल्या पोरांनी खांब सोडवला, काम उरकलं आणि परत बसवला. चारही स्क्रू आवळून, अगदी व्यवस्थित. फक्त जरा उजवीकडे. टेप लावली तर ४२ सेंटीमीटर. खाली येऊन वाफ्याच्या विरुद्ध बाजूला, कुंपणालगत राहिलेली न कापलेल्या गवताची पट्टी मोजली. तीही तेवढीच.

मी मुळात जमिनीच्या मोजणीतला माणूस. बांधाच्या खुणा बसवायला आम्ही उपग्रहांवरून सेंटीमीटरपर्यंत जागा मोजणारं जे आरटीके तंत्र वापरतो, तेच आता या गवत कापणाऱ्या खेळण्यात आलंय, म्हणून ओळखीतले लोक मला बोलावतात. चार-पाच बंगले आणि एक सोसायटी बघून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय की हे यंत्र माळीकामाचं कमी आणि मोजणीचं जास्त आहे. बिघाड दिसतो गवतावर. शोधायचा असतो वर, आकाशाच्या बाजूला.

थोडक्यात तंत्र सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मोबाइलमधला जीपीएस उघड्यावर असला तरी तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. एवढ्यात तुमचा वाफा, शेजाऱ्यांचा वाफा आणि मधलं कुंपण सगळंच येतं. म्हणून एक अँटेना, म्हणजे बेस, एका जागी कायमची बसवतात. बेस हलत नाही, त्यामुळे उपग्रहांच्या संदेशात आत्ता किती चूक आहे ते त्याला कळतं. ती दुरुस्ती तो रेडिओवरून रोबोला कळवत राहतो आणि चूक दोनेक सेंटीमीटरवर येते. म्हणजे रोबोचा सगळा नकाशा बेसला दावणीनं बांधलेला असतो. बेस ४२ सेंटीमीटर उजवीकडे गेला की अख्खी बाग ४२ सेंटीमीटर उजवीकडे जाते. रोबो शहाणाच असतो, त्याच्या लेखी बागच सरकलेली असते.

बेस "कुठेतरी" लावणे

पुण्याच्या गच्च्या बेससाठी फार वाईट. काळी टाकी, सोलरचा हीटर, केबलची छत्री, आणि आता घरटी एक पत्र्याची शेड. पत्रा हा या तंत्राचा सख्खा वैरी. डोंगराकडे तोंड करून हाक मारली की तीच हाक जरा उशिरानं परत येते ना, तसा उपग्रहाचा संदेश पत्र्यावर आपटून अँटेनाकडे दुसऱ्यांदा येतो. अँटेनाला दोन्ही हाका ऐकू येतात आणि अंतराचा हिशेब बिघडतो. बेस शेडच्या कडेला लावू नका. शेडच्या वर, खांब उंच करून लावा, नाहीतर दुसरा कोपरा बघा.

जागा तपासायची सोपी रीत: अँटेना जिथे येणार तिथे डोळे ठेवून हात लांब करा आणि मूठ धरा. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण १० अंश झाकते. क्षितिजापासून दीड मुठीच्या वर चारही बाजूंना मोकळं आकाश दिसायला हवं. एका बाजूला शेजारची इमारत येणारच, हे पुणं आहे. दोन बाजूंनी येत असेल तर मात्र थांबून विचार करा.

खांब बाइंडिंग वायरनं बांधू नका. वाऱ्यात तो डुलतो, आणि वर बोटभर डुलला तर खाली रोबो बोटभर डुलतो. क्लॅम्प लावा, आवळा आणि क्लॅम्प भिंतीला लागतो तिथे ऑइलपेंटची एक रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी गळतीवाले, केबलवाले किंवा पतंग काढायला चढलेली नातवंडं, कुणीही हात लावला तरी रेघ तुटलेली दिसते.

मग वीज. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे पुणेकराला सांगायला नको, पण "दर गुरुवारी रोबो मधेच थांबतो" अशी तक्रार मी दोन घरांत ऐकली. घरात इन्व्हर्टर होता. गच्चीवरचा सॉकेट त्यावर नव्हता. बेस बंद, दुरुस्ती बंद, म्हणून रोबो जागच्या जागी उभा. वायरमनला सांगून तेवढा एक पॉइंट इन्व्हर्टरवर घ्या. बेसला वीज अगदीच किरकोळ लागते. वळवाच्या दिवसांत मात्र ढग गडगडायला लागले की हाच प्लग उपटायचा. गच्चीवरच्या उंच खांबाला जोडलेलं कुठलंही यंत्र विजेच्या कडकडाटात चालू ठेवू नये.

मे महिन्यात नकाशा करून निवांत होणे

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आणि मी चाळलेल्या माहितीपुस्तिकांत ती सापडली नाही. लोक एप्रिल-मेमध्ये यंत्र घेतात, पावसाळ्याआधी तयारी म्हणून. तेव्हा गुलमोहराला फुलं भरपूर आणि पानं जेमतेम. आकाश आरपार दिसतं, नकाशा झकास होतो. जुलैअखेर तोच गुलमोहर मांडव घालतो, वर पानं ओली असतात, आणि उपग्रहांचे संदेश ओल्या पानांत शोषले जातात. मग "झाडाखाली आला की थांबतो, मे महिन्यात तर जात होता" अशी तक्रार येते. झाडाखालची जागा ऑगस्टमध्ये एकदा पुन्हा तपासा. खालच्या फांद्या माळीबुवांकडून उचलून घ्या, किंवा तेवढा भाग सरळ नकाशातून वगळा. कॅमेरा असलेले मोव्हर उपग्रह दिसेनासे झाले तरी थोडं अंतर नजरेवर निभावून नेतात. आंब्याखालची अख्खी सावली त्यांच्या भरवशावर सोडू नका.

नकाशा करतानाची दुसरी घाई म्हणजे "फिक्स"ची वाट न बघणं. ॲपमध्ये दोन शब्द दिसतात, फ्लोट आणि फिक्स. उपग्रहाच्या लाटेची लांबी साधारण १९ सेंटीमीटर. यंत्र आणि उपग्रह यांच्यामध्ये अशा पूर्ण लाटा नेमक्या किती, हे ठरलं की फिक्स. ते ठरेपर्यंत फ्लोट, आणि फ्लोटमध्ये वीत-दोन विती इकडेतिकडे होणारच. मोजणीत आम्ही फ्लोटवर खूण ठोकली तर पुढं भाऊबंदकी ठरलेली. इथे गुलाबाची कुंडी जाते एवढंच. रोबो सुरू करून पाच-दहा मिनिटं मोकळ्या जागी उभा राहू द्या, फिक्स टिकला की मगच कडेनं फिरवा. भिंत आणि तुळशीवृंदावनापासून वीतभर आत राहा. राहिलेलं गवत कात्रीनं कापा, तेवढा व्यायाम बरा.

संध्याकाळची गोष्टही सांगितली पाहिजे. "दिवसा ठीक, रात्री आठनंतर फिक्स जातो" असं कुणी म्हणालं की विक्रेते यंत्र बदलून देतात आणि नवं यंत्रही तेच करतं. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. केरळातल्या थुंबा इथून १९६३ पासून रॉकेटं सोडली ती याच कारणानं. या पट्ट्यात सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरातले, आयनोस्फिअरमधले विद्युतभारित कण खवळतात आणि उपग्रहांचे संदेश लुकलुकायला लागतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यातही सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत, हे विशेष जाणवतं. पुणं या पट्ट्यापासून फार लांब नाही. उपाय फुकट आहे, वेळापत्रक सकाळी नऊवर आणा. तसंही अंधार पडल्यावर बेडूक गवतात येतात, त्यांच्यासाठीही तेच बरं.

कॅमेऱ्याला माणसाचा डोळा समजणे

कॅमेरा "गवत" ओळखतो म्हणजे हिरवा रंग आणि केसाळ पोत ओळखतो. पुण्यात दोन वेळा त्याची पंचाईत होते. मे महिन्यात पाणी कमी पडून लॉन पिवळं पडतं, तेव्हा त्याला ते मातीसारखं दिसतं आणि तो कडेलाच घुटमळतो. आणि ऑगस्टमध्ये शहाबादी फरशीवर शेवाळ चढतं, ते त्याला लॉन वाटू शकतं. फरशी घासणं हाच इलाज.

दिवाळीतला किस्सा. कोथरूडच्या एका बंगल्यात मुलांनी लॉनच्या कोपऱ्यात किल्ला केला होता. पोती, माती, वर गेरू, बुरुजावर मावळे, आणि उतारावर अळीव पेरलेले. पाडव्याच्या सकाळी रोबो नेहमीच्या वेळी निघाला, अळिवाचा हिरवा उतार बघून गडावर चढला आणि दरवाज्याशी असलेल्या दोन मावळ्यांना पाडून माचीवर अडकला. गवताच्या उंचीएवढ्या वस्तू कॅमेऱ्याला अडथळा म्हणून दिसतीलच असं नाही. मातीचे मावळे, पाण्याचा पाइप, आंब्याची कोय, कुत्र्याचा चेंडू, सगळं त्यात आलं. नकाशात बंदी-क्षेत्र आखायला एक मिनिट लागतं. त्या घरातल्या धाकट्यानं ते स्वतः आखलं, गडाच्या आकाराचं. आणि पोरं लॉनवर खेळत असताना यंत्र चालवायचं नाही, कॅमेरा असो वा नसो.

काचेवर दव, चिखलाचे शिंतोडे, गवताचा रस बसतो. चष्म्याच्या फडक्यानं पुसा. ओढणीनं किंवा गोणपाटानं पुसून चरे पाडलेले डोळे मी पाहिलेत.

मुलानं अमेरिकेहून पाठवलेला मोव्हर

औंध-बाणेर भागात हे फार. यंत्र चांगलं असतं, अडचण रेडिओची. अमेरिकन बनावटीत बेस आणि रोबो सहसा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. भारतात तो पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा नाही, त्याच्या अल्याडपल्याड मोबाइलची वर्दळ असते. आपल्याकडे त्याच्या आसपासचा विनापरवाना पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून पुढं थोडासाच आहे. त्यामुळे अमेरिकन जोडी इथे कायद्यानंही चूक आणि वर्दळीमुळे अडखळणारी. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टला पहिल्याच दिवशी धूर. बॅटरी १६० वॅट-अवरपेक्षा मोठी असेल तर प्रवासी सामानातून विमानात नेऊ देत नाहीत. काही यंत्रं देश बघून स्वतःला कुलूपही लावून घेतात. बेसशिवाय, उपग्रहाच्या चुकीची दुरुस्ती इंटरनेटवरून घेणारं मॉडेल असेल तर ती सेवा भारतात मिळते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

गवताचं काय

यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात, पण यात फार काही नाही. रोबोची पाती दाढीच्या ब्लेडएवढी असतात. गुडघाभर गवतात सोडलं तर अडकणारच. पहिली कापणी माळीबुवांच्या मशीननं, मग रोबो. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा नियम मेक्सिकन गवत असो की हरळी, सगळ्याला लागू. लव्हाळा रोबोनं मरत नाही, त्याची गाठ खोदूनच काढावी लागते. काळी माती ओली असताना चाकं चर पाडतात, तेव्हा संततधारेत दोन दिवस सुट्टी द्या. खालचा चिकटलेला लगदा वाळल्यावर ब्रशनं काढा. पाती एकदम सगळी बदला, स्क्रूसकट.

सोसायटीवाल्यांसाठी एकच गोष्ट. दोन टॉवरच्या मधली पोडियमवरची बाग असेल तर आकाश म्हणजे एक फट. तिथे निव्वळ उपग्रहावर चालणारं यंत्र घेऊ नका, विक्रेता काहीही म्हणो. आधी प्रात्यक्षिक मागा, तेही दोन दिवसांचं. आपल्याच लॉनवर, सकाळी आणि दुपारी. बालेवाडीच्या एका कमिटीनं असं मागितलं, दुसऱ्या दिवशी दुपारी रोबो कारंज्याच्या कठड्याला लागून थांबला, आणि चेअरमननी चेकबुक परत खिशात ठेवलं.