बेणेप्रक्रियेने उगवण खरंच वाढली का? दोन गटांची टक्केवारी कशी तपासावी

शिरोळ असो की कागल, उसाच्या रोपवाटिकेत हमखास ऐकू येतं: प्रक्रिया केलेल्या बेण्याची उगवण ७८ टक्के, न केलेल्याची ६९. यावर पहिला प्रश्न विचारा: कितीपैकी?

खरं काम मोजणीच्या आधीचं आहे. शेंड्याकडचे डोळे लवकर फुटतात, बुडख्याकडचे मागे राहतात. म्हणून सगळ्या एक डोळा टिपऱ्या (एकच डोळा असलेले उसाचे तुकडे) एकाच ढिगात नीट मिसळा आणि मगच दोन वाटे करा. एक वाटा औषधाच्या द्रावणात बुडवा, दुसरा तेवढाच वेळ साध्या पाण्यात; नाहीतर भिजण्याचा फायदा औषधाच्या नावावर जमा होतो. प्रत्येक ट्रेमध्ये दोन्हीच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. एका गटाचे सगळे ट्रे उन्हात आणि दुसऱ्याचे सावलीत राहिले, तर कुठलंही सूत्र ती चूक दुरुस्त करू शकत नाही. मोजणीचा दिवसही आधीच वहीत लिहा.

समजा, प्रक्रियेच्या २०० पैकी १५६ उगवल्या, बिनप्रक्रियेच्या २०० पैकी १३८.

आता आकडेमोड. एकत्रित प्रमाण २९४ भागिले ४००, म्हणजे ०.७३५. प्रमाणत्रुटी (निव्वळ योगायोगाने फरक किती वरखाली होऊ शकतो याचं माप) काढायला ०.७३५ × ०.२६५ × (१/२०० + १/२००) याचं वर्गमूळ घ्या: ०.०४४१. फरक ०.०९ ला त्याने भागा: झेड, म्हणजे फरक प्रमाणत्रुटीच्या किती पट आहे तो आकडा, २.०४. हा १.९६ या ५ टक्के पातळीच्या मर्यादेच्या वर आहे; पी-मूल्य, म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, सुमारे ०.०४. काय-वर्ग चाचणी (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांची तुलना) केली तरी निकाल तोच, कारण तिचं ४.१६ हे उत्तर म्हणजे याच झेडचा वर्ग.

मात्र येट्सची दुरुस्ती (काय-वर्ग थोडा कमी करणारी सावध आकडेमोड) लावली की तो ३.७१ वर येतो, ३.८४ (१.९६ चा वर्ग) या मर्यादेच्या खाली! म्हणून कोणती चाचणी वापरायची ते आकडे बघण्याआधी ठरवा. दोन गट आणि उगवलेल्या-न उगवलेल्या टिपऱ्या यांच्या कोष्टकातल्या एखाद्या चौकटीत अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असेल, तर फिशरची अचूक चाचणी घ्या. टिपऱ्यांऐवजी त्याच शेतकऱ्यांना आधी आणि नंतर विचारलं असेल तर गट स्वतंत्र नसतात, तिथे जोडीतल्या उत्तरांसाठीची मॅकनेमार चाचणी.

पी-मूल्यावर थांबू नका. फरकाचा ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरा फरक ज्यात असण्याची वाजवी अपेक्षा धरता येते तो पट्टा, ०.४ ते १७.६ टक्के-अंक येतो. औषधाचा खर्च निघेल की नाही, हे एवढ्या रुंद पट्ट्यावरून सांगता येत नाही. ६९ आणि ७८ मधला फरक पाचपैकी चार वेळा पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात साधारण ३७५ टिपऱ्या लावा.