स्क्रीनकास्ट: पडदा आधी, आवाज नंतर

स्क्रीनकास्ट म्हणजे संगणकाचा पडदा रेकॉर्ड करून सॉफ्टवेअर शिकवणारा व्हिडिओ. शिकणारा तो सलग बघत नाही. एक पायरी बघतो, थांबवतो, आपल्या मशीनवर करून बघतो, मग पुढे जातो. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प याच सवयीवर बेतलेला आहे: साधारण १० मिनिटांचा धडा आणि दोन रकान्यांची संहिता. एका रकान्यात पडद्यावर काय घडतं ते, दुसऱ्यात तेव्हा काय बोलायचं ते. नवीन असाल तर तुम्हीही असेच दोन रकाने लिहा. संहितेशिवाय बोलायला बसलं की 'हां, आता इथे...' सुरू होतं आणि ते कापण्यातच दिवस जातो.

रेकॉर्डिंगआधी पडद्याचं रेझोल्यूशन १२८० × ७२० किंवा १९२० × १०८० करा. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर १२८० × ७२० ठेवलं की अक्षरं थोडी पुसट दिसतात, पण तो दोष फक्त तुमच्या पॅनेलचा. रेकॉर्डिंग स्वच्छच येतं. एडिटरमधला फॉन्ट १८ ते २०, ब्राउझरचा झूम १२५ ते १५० टक्के ठेवा, कारण पुष्कळ जण हे मोबाइलवर बघणार. काळ्या पार्श्वभूमीवर लाल किंवा निळी अक्षरं टाळा. बहुतेक व्हिडिओंत रंगाची माहिती प्रकाशाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, त्यामुळे अशा अक्षरांच्या कडा फुटतात. ब्राउझरचं वेगळं कोरं प्रोफाइल वापरा, नाहीतर ॲड्रेस बारमध्ये एक अक्षर टाइप करताच तुमच्या सगळ्या जुन्या साइट्स दिसतात. नोटिफिकेशन्स बंद करा.

पडदा रेकॉर्ड करणाऱ्या ओबीएस स्टुडिओत बेस (मूळ) आणि आउटपुट (तयार फाइलचं) रेझोल्यूशन एकच ठेवा, ३० एफपीएस (सेकंदाला ३० चित्रं) पुरतात. फाइल एमकेव्ही या प्रकारात घ्या. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर सहसा अख्खी फाइल हातची जाते, एमकेव्हीमध्ये तोवरचा भाग वाचतो. नंतर फाइल मेन्यूतून 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' केलं की त्याच दर्जाची एमपी४ मिळते. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या विंडोज लॅपटॉपवर डिस्प्ले कॅप्चर (पूर्ण पडदा टिपणारा स्रोत) काळा दिसला, तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला 'पॉवर सेव्हिंग' द्या आणि ओबीएस पुन्हा उघडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पडदा आणि आवाज एकाच वेळी रेकॉर्ड करू नका. बोलताना माउस भरकटतो, माउस सांभाळताना वाक्य तुटतं. आधी फक्त पडदा घ्या. प्रत्येक क्लिकच्या आधी आणि नंतर दोन सेकंद हात स्थिर ठेवा, कापायला जागा तिथेच मिळते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्याचा फायदा घ्या: 'एडिट मेन्यूतल्या प्रेफरन्सेसवर' म्हणेपर्यंत कर्सर तिथे पोचलेला असावा आणि 'क्लिक करा' ला क्लिक व्हावं. मेन्यूची नावं पडद्यावर दिसतात तशीच उच्चारा. 'संपादन मेन्यू' म्हटलं तर शिकणारा शोधत बसेल.

आवाज ऑडॅसिटी या ध्वनी-संपादकात मोनोमध्ये (एकाच वाहिनीत), ४८ किलोहर्ट्झवर घ्या. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' चा फटका बसत नाही. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नीट दुरुस्त होत नाही. सुरुवातीला दोन सेकंद गप्प राहा. तोच तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन' ला (खोलीतली खरखर कमी करणाऱ्या साधनाला) प्रोफाइल, म्हणजे खरखरीचा नमुना, द्या, मग पूर्ण ट्रॅकवर १२ डेसिबलने चालवा. २० च्या पुढे गेलात तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. वाक्य चुकलं तर थांबवू नका, एक टाळी वाजवा आणि वाक्य सुरुवातीपासून म्हणा. वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) टाळीचा सुळका लगेच सापडतो.

केडेनलाइव्ह या व्हिडिओ-संपादकात आधी आवाज टाइमलाइनवर ठेवा, मग पडदा त्याला जुळवा. शिफ्ट आणि आर ने क्लिप कापता येते. बोलणं लांबलं आणि दृश्य संपलं तर त्या ठिकाणची फ्रेम चित्र म्हणून काढून हवी तेवढी ताणा. व्हिडिओ हळू करू नका, कर्सर रखडत चालल्यासारखा दिसतो. उलट इन्स्टॉलेशनचा पट्टा सरकत असताना क्लिपची कड कंट्रोल दाबून ओढा आणि वेग वाढवा, पण 'याला काही मिनिटं लागतील' हे तोंडी सांगा. नाहीतर शिकणाऱ्याला वाटतं, आपलंच मशीन अडकलं.

प्रोजेक्ट, बिनआवाजाचा व्हिडिओ आणि संहिता एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवा. नव्या आवृत्तीत एखादा मेन्यू हलला तर तेवढाच तुकडा बदलता येतो आणि दुसऱ्या भाषेत डबिंग करणाऱ्याला बिनआवाजाचा पडदा तयार मिळतो.