हलक्या वजनगटांतील मुष्टियोद्ध्याची कारकीर्द कशी वाचावी

व्यावसायिक मुष्टियोद्ध्याच्या लढतींचा तक्ता समोर आला की नजर प्रथम विजय-पराजयाच्या आकड्यांवर जाते. हेवीवेटच्या बाबतीत तेवढ्याने बरेचसे भागते; परंतु १०५ ते १२६ पौंडांच्या दरम्यान लढणाऱ्या योद्ध्याची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर आधी प्रत्येक तारखेपुढे नोंदवलेले वजन वाचावे आणि मगच निकालाकडे वळावे.

त्यासाठी वजनांची उतरंड ठाऊक हवी. मिनिममवेट १०५ पौंड, लाइट फ्लायवेट १०८, फ्लायवेट ११२, सुपर फ्लायवेट ११५, बँटमवेट ११८, सुपर बँटमवेट १२२ आणि फेदरवेट १२६, अशी ही रचना आहे. पहिल्या गटापासून सातव्यापर्यंत अवघा २१ पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेनऊ किलोंचा फरक आहे. उलट जड योद्ध्यांच्या लाइट हेवीवेट आणि क्रूझरवेट या लगतच्या दोन गटांच्या मर्यादांमध्येच २५ पौंडांचे अंतर आहे. (मेरी कोममुळे आपल्या ओळखीचे झालेले ४८ आणि ५१ किलोंचे गट हौशी मुष्टियुद्धातले आहेत, तेव्हा तो हिशेब येथे लावू नये.)

म्हणून ‘चार वजनगटांत विश्वविजेता’ या बिरुदाने लगेच दिपून जाऊ नये. निकाराग्वाच्या रोमान गोन्सालेसने चार गटांत विजेतेपदे मिळवली ती १०५ ते ११५ पौंडांच्या आत. पण हा हिशेब अर्धाच आहे, कारण मूळच्या १०५ पौंडांच्या शरीरावर दहा पौंडांची भर म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा, आणि वरच्या गटातला प्रतिस्पर्धी हाडापेरानेच मोठा असतो. गोन्सालेसला २०१७ मध्ये थायलंडच्या श्रीसाकेत सोर रुंगविसाईने ११५ पौंडांवर दोनदा हरवले, दुसऱ्यांदा तर बारा फेऱ्यांच्या लढतीत चौथ्याच फेरीत नॉकआउट केले. या दोन पराभवांवरून गोन्सालेसचे कौशल्य संपले असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी तीन वर्षांनंतरची नोंद पाहावी: २०२० मध्ये त्याने त्याच गटात पुन्हा विजेतेपद जिंकले.

वजन वाचताना गाळलेल्या पायऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. जपानच्या नाओया इनोएने एप्रिल २०१४ मध्ये, आपल्या सहाव्याच व्यावसायिक लढतीत, १०८ पौंडांचे विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये फ्लायवेट पूर्ण वगळून ११५ पौंडांवर ओमार नार्वाएसला दुसऱ्या फेरीत संपवले. १०८ पौंडांवर उतरणे इनोएला फार जड जात होते, हे लक्षात घेतले की ही उडी घाईची वाटत नाही. फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओची नोंद याहून बोलकी आहे. १९९८ मध्ये जिंकलेले फ्लायवेटचे विजेतेपद त्याने पुढच्या वर्षी आधी वजनकाट्यावरच गमावले आणि मग लढतीतही तिसऱ्या फेरीत मार खाल्ला. त्याच वर्षअखेरीस तो १२२ पौंडांच्या गटात उतरला आणि २००१ मध्ये तेथे विश्वविजेता झाला. केवळ निकाल पाहिला, तर १९९९ चा पराभव एका तरुणाची घसरण वाटतो. वजनाचा रकाना पाहिला, तर शरीर त्या गटात मावत नव्हते हे उघड होते.

येथे एक व्यवहार माहीत असावा. वजन लढतीच्या आदल्या दिवशी घेतले जाते, त्यामुळे पाणी तोडून मर्यादेत बसलेला योद्धा रिंगणात उतरेपर्यंत कित्येक पौंडांनी वाढलेला असू शकतो. विजेता मर्यादेबाहेर गेला, तर त्याचे विजेतेपद तेथेच जाते, लढत मात्र बहुधा होते. मार्च २०१८ मध्ये मेक्सिकोचा लुईस नेरी ११८ पौंडांच्या लढतीसाठी दुसऱ्या प्रयत्नातही तीन पौंड जास्त भरला आणि तरीही त्याने शिनसुके यामानाकाला दुसऱ्या फेरीत हरवले. तक्त्यात हा विजयच दिसतो. माझ्या मते अशा विजयाचे मोल वाचकाने स्वतःच कमी करून घ्यावे.

विजेतेपदांचा रकाना त्यानंतर पाहावा. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संस्था प्रत्येक गटात स्वतंत्र विजेता मानतात, शिवाय हंगामी विजेतेही नेमतात. तेव्हा पट्टा कोणाला हरवून मिळाला, की तो रिक्त होता, हे शोधावे. चारही पट्टे एकाच हाती आल्याचे उदाहरण हवे असेल, तर डिसेंबर २०२२ मध्ये बँटमवेट आणि वर्षभराने सुपर बँटमवेट अशा दोन्ही गटांत इनोएने केलेली कामगिरी पाहावी. जपानी योद्ध्यांच्या जुन्या तक्त्यांत आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ दिसत नाहीत, याचे कारण जपानच्या नियामक मंडळाने २०१३ पर्यंत या दोन संस्थांना मान्यताच दिली नव्हती. एकाच गटात वर्षानुवर्षे राहणाऱ्याला कमी लेखू नये, हेही येथेच नोंदवतो: मेक्सिकोच्या रिकार्दो लोपेसने १९९० मध्ये टोकियोत हिदेयुकी ओहाशीला हरवून मिनिममवेटचे विजेतेपद घेतले आणि ५१ विजय, एक बरोबरी व शून्य पराभव अशी नोंद करून तो निवृत्त झाला. हा ओहाशी म्हणजेच पुढे ज्याच्या व्यायामशाळेत इनोए घडला तो.

पराभव वाचताना स्थळ आणि काळ दोन्ही पाहावेत. श्रीसाकेतच्या पहिल्या पाच लढतींत एकच विजय आहे, तीन पराभव आणि एक बरोबरी. मात्र पदार्पणाची लढतच त्याला जपानमध्ये, पुढे विश्वविजेता झालेल्या अकिरा याएगाशीविरुद्ध मिळाली होती. उलट सलग विजयांची लांब रांग मायदेशात आणि नवख्यांविरुद्ध असेल, तर ती प्रतिस्पर्ध्यांची नोंद तपासल्याशिवाय मोजू नये. वयाबाबतही सरसकट नियम लावू नये. लहान चणीचे योद्धे वेगावर जगतात, त्यामुळे त्यांची उतरण तिशीच्या सुरुवातीलाच लागते असा समज आहे आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. तरीही फिलिपिन्सच्या नोनितो डोनेरने मे २०२१ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, नॉर्दिन उबालीला चौथ्या फेरीत नॉकआउट करून बँटमवेटचे विजेतेपद मिळवले. त्याच्या तक्त्यात १२६ पौंडांपर्यंत चढून पुन्हा ११८ वर उतरल्याची नोंद आहे, आणि उतारवयातील या यशाचा उलगडा करायचा असेल, तर तेथूनच सुरुवात करावी.