फराळाच्या पोस्टखाली काय लिहायचं

इन्स्टाग्राम एका पोस्टखाली २,२०० अक्षरं लिहू देतं, पण फीड सरकवणाऱ्याला त्यातली साधारण पहिली सव्वाशेच दिसतात. रीलवर त्याहूनही कमी. त्यात देवनागरीतले काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'करंजी' तीन अक्षरांची वाटते, मोजणीत पाच भरते. म्हणजे हाताशी जेमतेम अठरा-वीस शब्द. तेवढ्या जागेत 'दिवाळी म्हणजे आनंदाची उधळण, नात्यांचा गोडवा' असं काही लिहिलं, तर तुम्ही चकली विकताय की पणत्या, हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

म्हणून माल, वजन, किंमत आणि गाव पहिल्या ओळीत घ्या. उदाहरणार्थ:

'भाजणीची चकली, पाव किलो १८० रुपये, साधारण १४ नग. शेंगदाणा तेलात तळलेली. पुण्यात घरपोच.'

ही ओळ सव्वाशेच्या आत आरामात बसते. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर शेवटी द्या, तिथे त्या कुणाला नडत नाहीत.

'किंमतीसाठी मेसेज करा' हे मात्र लिहू नका. विचारलं की घ्यावंच लागेल, या संकोचाने बरेच जण विचारतच नाहीत. जे विचारतात त्या प्रत्येकाला तोच आकडा पुन्हा पुन्हा पाठवण्यात तुमची तळणाची वेळ जाते.

पुढच्या ओळींसाठी मजकूर कुठून आणायचा? गेल्या दिवाळीचं व्हॉट्सॲप उघडा आणि गिऱ्हाइकांनी काय काय विचारलं ते कागदावर उतरवा. तेल कोणतं? लाडवात तूप की डालडा? किती दिवस टिकेल? लसूण आहे का? मुलाला हॉस्टेलवर पाठवायचंय, चुरा तर होणार नाही? यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक कॅप्शन, म्हणजे पोस्टखालचा मजकूर. सगळी उत्तरं एकाच पोस्टमध्ये कोंबलीत, तर त्याचं दरपत्रक होतं आणि दुसऱ्या दिवशी लिहायला काही उरत नाही.

आता विशेषणांबद्दल. चविष्ट, रुचकर, घरगुती, आईच्या हातची चव: हे शब्द शेजारच्या दहा पोस्टांतही आहेत, त्यामुळे ते वाचलेच जात नाहीत. त्यांच्या जागी कृती सांगा. अनारशाचं उदाहरण घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, निथळून दमट असतानाच दळायचे, गूळ मिसळून पीठ मुरत ठेवायचं, मग खसखशीवर थापून न उलटता तळायचं. हे सगळं एका कॅप्शनमध्ये नको. 'तांदूळ सोमवारी भिजत घातले. रोज पाणी बदलतोय. अनारसे पुढच्या आठवड्यात, फक्त तेवढ्याच पिठाचे' एवढं लिहिलं, की माल मर्यादित का आहे आणि भाव चढा का आहे, हे दोन्ही वेगळं सांगावं लागत नाही. चकलीबाबत लोकांना धास्ती असते ती मऊ पडण्याची. गरम चकली डब्यात भरली की वाफ धरते आणि ती मऊ पडते. तेव्हा 'पूर्ण गार झाल्यावरच पॅक करतो, म्हणून सकाळी तळलेली संध्याकाळी मिळेल' असं लिहा. पातळ पोह्यांच्या चिवड्याला 'पोहे आधी उन्हात वाळवलेले' हे तीन-चार शब्द पुरतात. 'कुरकुरीत' हे वाचणारा स्वतःच म्हणतो.

अर्थात, जे खरोखर करता तेच लिहा. डब्यातली चकली आणि कॅप्शनमधली चकली जुळली नाही, तर ते कमेंटमध्ये सगळ्यांसमोर येतं.

भाषा फोनवर बोलता तशी ठेवा. 'आमच्या येथे सर्व प्रकारचे दिवाळी फराळ ऑर्डरप्रमाणे बनवून मिळेल' ही दुकानाच्या पाटीची भाषा झाली. दोन-तीन वाक्यांनंतर एक ओळ मोकळी सोडा, इमोजी एखाद-दुसरा पुरे. हॅशटॅग तीन ते पाच, त्यात पदार्थ आणि गाव हवंच: #पुणेफराळ, #भाजणीचीचकली. मधे मोकळी जागा किंवा आडवी रेघ (-) आली की हॅशटॅग तिथेच तुटतो. शोधताना बरेच जण रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून पदार्थाचं नाव एकदा रोमनमध्येही लिहा.

शेवटी एकच काम सांगा. 'लाइक करा, शेअर करा, टॅग करा, ऑर्डर करा' असं चारही सांगितलं तर एकही होत नाही. शिवाय लाइक-टॅगची भीक मागणाऱ्या पोस्ट मागे ढकलायला फेसबुकने डिसेंबर २०१७पासूनच सुरुवात केली आहे. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधल्या लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही, म्हणून व्हॉट्सॲपची लिंक प्रोफाइलमध्ये टाका आणि कॅप्शनमध्ये 'ऑर्डरची लिंक प्रोफाइलवर' असं लिहा. फेसबुकवर तीच लिंक मजकुरात चालते. एकच मजकूर दोन्हीकडे चिकटवताना ही ओळ बदलायची राहून जाते.

वेळापत्रक सण ठरवतो. परदेशी पार्सलची पोस्ट नवरात्रातच हवी, नंतर डबा वेळेत पोचत नाही. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. त्यातले पहिले दहा कृतीच्या आणि प्रश्नोत्तरांच्या पोस्टना द्या, पुढचे उरलेल्या मालाला आणि शेवटच्या तारखेला. तारीख आकड्यात लिहा, 'लवकरच बुकिंग बंद' कुणी मनावर घेत नाही. व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांत जातं, त्यामुळे तारखेची ओळ तिथे रोज नव्याने टाकावी लागते.

दाव्यांबाबत जपून. 'मधुमेहींना चालतं', 'वजन वाढत नाही' असं फराळाखाली लिहू नका. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतल्या दाव्यांसाठी एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचे २०१८चे नियम आहेत. '१०० टक्के' हा शब्दप्रयोगही लेबलवर आणि जाहिरातीत टाळावा, असं या संस्थेने मे २०२५मध्ये व्यावसायिकांना कळवलं आहे. 'साजूक तुपातले' म्हटलं की पुरे. एफएसएसएआयचा १४ आकडी नोंदणी क्रमांक मात्र प्रोफाइलमध्ये जरूर द्या. नवं गिऱ्हाईक तो पाहतं.

पोस्ट टाकल्यावर तासभर फोन हाताशी ठेवा. कमेंटमध्ये आलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच द्या, 'इनबॉक्स केलंय' म्हणू नका, कारण तोच प्रश्न आणखी काही जणांच्या मनात असतो. दोघांनी एकच गोष्ट विचारली तर ती कॅप्शनमध्ये राहून गेलेली असते. 'एडिट' दाबून वर घाला. माल संपला की पहिल्या ओळीच्या आधी 'संपलं' लिहा आणि पुढचा घाणा कधी निघणार तो दिवस टाका.