ऊस तुटायला लागला. कोंबड्या मोकळ्या सोडायच्या का?

दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली आणि टोळ्या फडात उतरल्या की आमच्या जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले पट्ट्यात दरवर्षी एकच तक्रार कानावर येते. "पावसाळाभर काही झालं नाही, आणि या आठवड्यात पाच गेल्या." यात नवल काही नाही. चार महिने ज्या उसात रानमांजर, कोल्हा, मुंगूस आणि बिबट्यासुद्धा दडून होता, तो ऊस आता एकेक फड करून उघडा पडतो आहे. आसरा गेला की जनावर पुढच्या फडात सरकतं, आणि वाटेत तुमची वस्ती लागते.

हा सल्ला पाचशे पक्ष्यांच्या शेडवाल्यांसाठी नाही. वस्तीवर दहा-पंधरा गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी आहे. आणि पोरांच्या हट्टापायी चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या, त्यांची बारशी झाली, आता त्या कापायचा विषयही घरात काढता येत नाही, अशांसाठीही आहे. पहिल्याला वर्षात दोन-तीन कोंबड्या गेल्या तरी हिशेब बसतो. दुसऱ्याच्या घरात एक गेली तरी दोन दिवस पोरं जेवत नाहीत. म्हणून शेजाऱ्याने सोडल्या म्हणून आपणही सोडायच्या, असं करू नका. आपलं कोणतं नुकसान आपल्याला सोसेल, ते आधी घरात बोलून घ्या.

त्यानंतर मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारतो: दिवेलागणीला घरी कोण असतं? खुराड्याचं दार वेळेवर लावणारा माणूस रोज घरी असेल, तर या हंगामातही कोंबड्या दिवसातले काही तास मोकळ्या सोडता येतात. तसा माणूस नसेल तर सोडू नका. सगळं घर कांदा लागवडीला जातंय, म्हातारी माणसं गावातल्या घरात आणि वस्तीवर कुलूप, अशा घरांनी माघापर्यंत कोंबड्या जाळीतच ठेवाव्यात. मला यात मधला मार्ग दिसत नाही. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणाऱ्यांनी तर राखणदाराच्या भरवशावर हा प्रयोग करूच नये.

दाराची वेळ इतकी महत्त्वाची का, ते सांगतो. जूनमध्ये सव्वासातला मावळणारा दिवस आता सहालाच बुडतो. आपलं घड्याळ मात्र बदलत नाही. धारा काढून, मोटर बंद करून आपण सातलाच घरी येतो. कोंबडीला तिन्हीसांजेला दिसेनासं होतं. ती वेळेवर खुराड्यात जाऊन दांडीवर बसते, पण दार उघडंच राहतं. एकदा दांडीवर बसली की अंधारात ती सहसा हालत नाही, आणि आत आलेल्या जनावराला जेवणाचं ताट मांडल्यासारखं होतं. आमच्याकडे असं एकदा झालं. लग्नाला गेलो, परत यायला साडेआठ वाजले. अकरापैकी चार उरल्या होत्या. त्या वर्षी खुराडं मजबूत होतं, जाळी नवी होती. दार लावायला कोणी नव्हतं, एवढंच.

संध्याकाळसारखीच सकाळही सांभाळा. उजाडल्या उजाडल्या दार उघडायची आपल्याकडे सवय आहे, ती या चार महिन्यांपुरती मोडा. धुकं असतं, रात्रीचं जनावर अजून बांधावरच असतं, आणि गावातली कुत्री उपाशी फिरत असतात. कोंबड्या दहा-अकरा वाजता सोडा. यात दुसरा फायदा असा की कोंबडी बहुतेक अंडी सकाळीच घालते. उशिरा सोडली तर अंडं खुराड्यातल्या टोपलीत पडतं. लवकर सोडली तर ती करवंदाच्या जाळीत किंवा कडब्याच्या गंजीमागे चोरून घालते, आणि त्या अंड्यांच्या मागावर मुंगूस, घोरपड, साप सगळेच येतात. दहा ते पाच, एवढंच मोकळं रान पुरेसं आहे. कोंबडीला वाळवी, किडे, सांडलेलं धान्य वेचायला तेवढा वेळ भरपूर होतो.

पाचला परत कशी आणायची? दिवसभर तिला पोटभर दाणे टाकू नका. दर कोंबडीमागे मूठभर, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम, ज्वारीची भरड किंवा तांदळाची कणी संध्याकाळीच, खुराड्याच्या आत, एकाच डब्यातून द्यायची. डबा वाजला की पंधरा दिवसांत त्या बांधापलीकडूनही धावत येतात. सकाळीच पोट भरलं असेल तर डबा वाजवून हात दुखतात आणि कोंबडी आंब्यावर जाऊन बसते.

नेमकं कोण खातंय, हे कळल्याशिवाय उपाय करू नका. लोक घारीला शिव्या देतात आणि काम मुंगसाचं असतं. मुंगूस दिवसा फिरतो, रात्री नाही. ऊन तापल्यावर बांधाच्या कडेने येतो. मान किंवा डोकं चावलेलं, बाकी अंग तसंच पडलेलं, शेजारी फुटकी अंडी, असं दिसलं तर बहुधा तोच. अख्खी कोंबडी गायब आणि वाटेवर थोडी पिसं पडली असतील तर रानमांजर किंवा कोल्हा. पाच-सहा मारून टाकलेल्या, खाल्ली एकही नाही, हे कुत्र्यांचं काम. त्यातली एक-दोन तर आपल्याच ओळखीची असतात. टरफलही न ठेवता अंडी नाहीशी झाली तर साप. भरदुपारी उघड्यावरून पिल्लू गेलं आणि कोंबडीने एकदम कल्ला केला तर घार किंवा शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी. शिक्रा झाडाच्या आडून येतो, म्हणून दिसतही नाही. पूर्ण वाढलेल्या कोंबडीला या दोघांपासून सहसा धोका नाही. डोंगरकड्याखालच्या वस्त्यांवर मात्र मोरघार मोठी कोंबडीही उचलते.

वरून येणाऱ्याला उपाय आडोशाचा. झाडून-सारवून मोकळं केलेलं स्वच्छ अंगण माणसाला छान दिसतं, पण कोंबडीला त्यात पळायला जागा नसते. अंगणात एक जुनी बाज टाकून ठेवा, एखादी उलटी पाटी विटांवर टेकवा, शेवग्याखाली दोन तुराट्यांचे भारे उभे करा. कोंबड्याने आकाशाकडे बघून आवाज दिला की सगळ्या क्षणात बाजेखाली जातात. हे बघण्यासारखं असतं. कळपात एक जागरूक कोंबडा हवाच, तो यासाठी. शेजारी तूर उभी असेल तर फार उत्तम. जानेवारीपर्यंत तुरीच्या सरीत कोंबड्यांना सावली, किडे आणि घारीपासून आडोसा, तिन्ही मिळतात. फक्त बांधालगतच्या दोन सऱ्यांतलं गवत काढून टाका. मुंगसालाही तोच आडोसा आवडतो. चकाकत्या पट्ट्या आणि जुन्या सीडी टांगण्याचा उपाय आम्हीही केला. कावळे चार दिवस बिचकले, पाचव्या दिवशी त्यावरच येऊन बसले.

पिल्लांना हा सगळा सल्ला लागू नाही. दिवाळीच्या सुमारास खुडूक बसवलेल्या कोंबडीखाली एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, ती ऐन थंडीत. आठ आठवड्यांची होईपर्यंत त्यांना मोकळं सोडू नका, आई कितीही लढाऊ असली तरी. पुढे पौष-माघात घारींची घरटी होतात आणि त्यांच्या फेऱ्या वाढतात. दिवसा आईसकट डालग्याखाली ठेवा, डालगं रोज नव्या जागी सरकवा. कोकणात परसातल्या जागेवर मासे धरायची जुनी जाळी ताणून बांधतात. मला तो उपाय सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ वाटतो. रात्री पिल्लं घरात घ्या.

जातीचाही विचार करा. गावरान कोंबडी उडून छपरावर जाते. गिरिराज, वनराजा अंगाने जड. अंडी-मांसाला चांगल्या, पण कुत्रा मागे लागला तर सुटत नाहीत. पांढरा पक्षी लांबून दिसतो. मोकळं सोडायचंच असेल तर तपकिरी, काळ्या, ठिपक्यांच्या गावरान तलंगा घ्या आणि जड जात जाळीत ठेवा. दोन्ही एकत्र सोडून सारखाच निकाल येईल अशी अपेक्षा करू नका.

खुराड्याबद्दल थोडक्यात. दुकानात कोंबडीजाळी म्हणून मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, कुत्रा बाहेर ठेवत नाही. तो ती दाताने फाडतो. खालचे तीन फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. जमिनीलगत दीड फूट जाळी बाहेरच्या बाजूला आडवी टाकून मातीत दाबा, म्हणजे उकरणाऱ्याला जाळीच लागत जाते. खुराडं दोन-अडीच फूट उंच पायांवर असलेलं बरं. पत्रा आणि भिंतीमधली वळचणीची फट सगळे विसरतात. उदमांजर तिथूनच उतरतं. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा अडकवा.

बिबट्याची गोष्ट वेगळी, आणि ती कोंबड्यांपुरती नाही. अकोले भागात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता. म्हणजे कोंबडी कापून आतडी-पिसं उकिरड्यावर टाकली की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे तो येतो. मेलेली कोंबडी आणि कापल्यावरची घाण खड्ड्यात पुरा, वर चुना टाका. राखणीचा कुत्रा रात्री खुराड्याजवळ बांधून ठेवणं म्हणजे आमंत्रणच. त्याला बंदिस्त जागेत घ्या. आणि हे घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगा: रात्री कोंबड्या कलकलल्या तर एकट्याने धावत बाहेर पडायचं नाही. आधी बाहेरचा दिवा लावा, आवाज करा, दोघं-तिघं मिळून बघा. गेली तर कोंबडी गेली. ठसे दिसले तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. जनावरांच्या दवाखान्याचा 1962. दोन्ही आकडे एकमेकांत घोटाळा करतात, म्हणून आम्ही दारामागे खडूने लिहून ठेवलेत.

मेलेल्या कोंबडीत विष भरून ठेवायचा उपाय अजून काही लोक छातीठोकपणे सांगतात. करू नका. मुंगूस, रानमांजर, घोरपड, बिबट्या ही सगळी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, तुरुंगाची वेळ येते. शिवाय ते विष आधी शेजाऱ्याचा कुत्रा खातो. मुंगूस गेला की उंदीर-घुशी वाढतात, आणि घुशी पिल्लं नेतात, हेही लक्षात घ्या.

मोकळ्या कोंबडीला शिकाऱ्याइतकाच धोका मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा आहे. त्यावरच्या दोन लशी, पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी, चुकवू नका. दुसरं, हिवाळ्यात बर्ड फ्लूची भीती असते. 2006 मध्ये नवापूरला आणि जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याला काय झालं ते आठवा. गावात कावळे किंवा पाणपक्षी मरून पडलेले दिसले तर त्याच दिवशी मोकळं सोडणं बंद करा, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका आणि दवाखान्यात कळवा.

एकदा हल्ला झाला की तेच जनावर परत येतं, बहुतेक त्याच वेळेला. म्हणून हल्ल्यानंतर आठ-दहा दिवस सगळ्या बंद. वाचलेली जखमी कोंबडी वेगळी ठेवा. रक्त दिसलं की बाकीच्या तिलाच टोचतात. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवा, माशी बसू देऊ नका, जखम खोल असेल तर डॉक्टरला दाखवा.

बाजारातून नव्या कोंबड्या आणल्या असतील तर आठ-दहा दिवस खुराड्यातच कोंडा, म्हणजे घर कोणतं ते त्यांना कळतं. मग पहिले तीन-चार दिवस पाच वाजता सोडा आणि तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. अंधार जवळ असला की त्या लांब जात नाहीत. नंतर हळूहळू वेळ मागे घेत दहापर्यंत आणा. दार लावताना रोज मोजा, पोरांना मोजायला लावा. बारा म्हणजे बारा. अकराच भरल्या तर उजेड आहे तोवर तुरीत वाकून बघा. पुष्कळदा बारावी तिथे चोरून घातलेल्या अंड्यांवर खुडूक होऊन बसलेली असते.