लिओ ॲब्सची कारकीर्द वाचायची तर कुठून सुरू करायची

लिओ ॲब्सवर लेख किंवा व्हिडिओ करताय? मग आधी त्याची भाषणं वाचू नका, वैतागाल. इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा न मानणारा १९६७ चा कायदा पास करून घेणारा, वेल्समधल्या पाँटीपूलचा हा लेबर पक्षाचा खासदार, कार्डिफचा वकील, बजेटच्या दिवशी एकदम नटूनथटून यायचा, पण समलिंगी पुरुषांबद्दल बोलायला लागला की सूर ‘बिचारे’ असाच, आज वाचताना जाम खटकतो.

सुरुवात करा १९५७ च्या वुल्फेंडन रिपोर्टपासून, म्हणजे सरकारने नेमलेल्या समितीच्या अहवालापासून, अख्खा नको, नुसत्या शिफारशी वाचा. दोन सज्ञान पुरुषांचा संमतीने, खासगीतला संबंध गुन्हा नको असं त्यात स्वच्छ लिहिलंय, तरी कायदा व्हायला १० वर्षं गेली.

मग हॅन्सार्ड उघडा, म्हणजे ब्रिटिश संसदेतल्या चर्चांची नोंद, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. ॲब्सचं नाव टाकून जुलै १९६६ वर या, तिथे त्याने या शिफारशीचं विधेयक मांडायची परवानगी मागितली आणि २४४ विरुद्ध १०० ने मिळवली. पण खासगी विधेयकाला, म्हणजे सरकारने नाही तर एकट्या खासदाराने आणलेल्या विधेयकाला, वेळ कोण देणार? इथे गृहमंत्री रॉय जेनकिन्सचं नाव ठळक लिहून ठेवा, कारण सरकारने चर्चेला वेळ दिला नसता तर हे तिथेच बारगळलं असतं. आता ३ जुलै १९६७ ची रात्र वाचा, ही मात्र अजिबात सोडू नका. विरोधक बोलत बसून वेळ खाणार, चर्चा बंद करायला १०० मतं लागतात, म्हणजे तेवढी टाळकी रात्रभर घरी न जाऊ देता थांबवून ठेवायची, ॲब्सचं खरं कसब ते. पहाटे शेवटचं मतदान ९९ विरुद्ध १४.

त्यानंतर कायद्याचा मजकूर घ्या आणि काय सोडावं लागलं ते बाजूला लिहा: वय २१, फक्त इंग्लंड-वेल्स, सैन्य आणि व्यापारी जहाजांवरचे खलाशी बाहेर, आणि तिसरा माणूस हजर असला की ते ‘खासगी’ नाहीच. स्कॉटलंडला १९८० उजाडलं, उत्तर आयर्लंडला १९८२. (समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं आपलं कलम ३७७ इंग्रजांनीच १८६० मध्ये दिलेलं, ते २०१८ पर्यंत टिकलं, असो.) त्याने फारच तडजोड केली असं म्हणणारे भेटतील, त्यांना आधी मतांचं गणित दाखवा, पण नंतर खटले वाढले हेही लपवू नका.

आणि सरसकट ‘पुरोगामी’ लेबल लावू नका, घटस्फोट सोपा करायला हाच पुढे होता आणि गर्भपाताच्या कायद्याला विरोधही याचाच. हे झालं की लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, हेच विधेयक लढवणारा लॉर्ड अरन वाचा, मग १९८४ मध्ये स्वतःहून जाहीरपणे आपण समलिंगी आहोत असं सांगणारा खासदार ख्रिस स्मिथ.