बॅकवॉटरमधल्या बोटीवर वाट दाखवणारा संगणक कसा बसवावा

सरदार सरोवर १३८.६८ मीटरला पूर्ण भरले की अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या टेकड्यांची नुसती डोकी उरतात. काहींची तीही उरत नाहीत. मुरलेल्या नावाड्याला खडकांच्या जागा तोंडपाठ असतात, पण अंधारात, धुक्यात किंवा पातळी दोन मीटर उतरल्यावर त्याचाही अंदाज हुकतो. बोटीवर संगणक बसवायचा तर आधी वीज, मग उष्णता, मग नकाशा हा क्रम धरावा. प्रोसेसर किती वेगवान, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालवू नका. १२ व्होल्टचे २३० करायचे आणि चार्जरने पुन्हा १९ वर आणायचे, यात बॅटरी फुकट जाते. ४ जीबीचा रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक; पुढे नुसता ‘पाय’) किंवा थेट १२ व्होल्टवर चालणारा बिनपंख्याचा मिनी पीसी पुरतो. नकाशावर बोटीची जागा दाखवणारे ओपनसीपीएन हे मोफत सॉफ्टवेअर दोन्हींवर चालते.

हिशोब असा: पाय आणि उन्हात दिसेल असा दहा इंची स्क्रीन मिळून साधारण २५ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला २ अँपिअरच्या थोडे वर. आठ तासांना १७ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ४० अँपिअर-तासांची घ्या, आणि ती इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी ठेवा. स्टार्टर मारताना इंजिनच्या बॅटरीचा व्होल्टेज नऊ-दहापर्यंत पडतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. पायला १२ नव्हे, ५ व्होल्ट लागतात, म्हणून ५ व्होल्ट-५ अँपिअर देणारा कन्व्हर्टर लागतोच; दुसरी बॅटरी परवडत नसेल तर तो ९ ते ३६ व्होल्ट इनपुट चालणारा घ्या. स्क्रीन १२ व्होल्टचा असेल तर त्यालाही तसाच, पण १२ व्होल्ट देणारा, वेगळा लागेल. पॉझिटिव्ह वायरीवर ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीला खेटून हवा. वायर २.५ चौरस मिमीची, बहुतारी तांब्याची, टोकांना दाबून बसवलेले लग (धातूच्या टोप्या). नुसते पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड इंजिनच्या थरथरीने सैल होतात, ओलीने काळे पडतात. बऱ्याचदा बिघाड म्हणतात तो तिथेच असतो.

वीज अचानक गेली की मेमरी कार्डावरची फाइल खराब होते. म्हणून सिस्टीम एसएसडीवर (कार्डापेक्षा टिकाऊ साठवण-डिस्कवर) ठेवा, बंद करायला वेगळे बटण लावा आणि तयार केलेले एक जादा कार्ड कोरड्या डबीत ठेवा.

मे महिन्यात जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो. पायची चिप ८० अंशांना पोहोचली की स्वतःचा वेग कमी करते. अंगच हीट सिंक असलेली, म्हणजे चिपची उष्णता स्वतः बाहेर टाकणारी, ॲल्युमिनियमची पेटी घ्या, ती सावलीत आणि इंजिनच्या झाकणापासून दूर बसवा. घट्ट बंद प्लास्टिक डब्यात पाणी शिरत नाही, पण उष्णताही बाहेर पडत नाही. स्क्रीनची उजळता १००० निट्स हवी. ओल्या बोटांनी टचस्क्रीन भलतेच काही करतो, तेव्हा वायरचा माउस हाताशी असू द्या.

जीपीएस रिसीव्हर छतावर, मोकळ्या आभाळाखाली आणि कन्व्हर्टरपासून लांब बसवा. स्वस्त कन्व्हर्टरची विद्युत गडबड सिग्नल खाते. दरीत आभाळ अरुंद, म्हणून जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ या रशियन आणि युरोपीय उपग्रहांचे सिग्नलही पकडणारा घ्या. यूएसबी केबल ५ मीटरच्या आत ठेवा. ओपनसीपीएनच्या कनेक्शन्समध्ये पोर्ट निवडून वेग ४८०० किंवा ९६०० ठेवून पाहा.

खरे काम नकाशाचे. देहरादूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय समुद्राचे नकाशे काढते, या जलाशयाचे नव्हे. आपला आपणच करावा लागतो. धरणाचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले. त्याआधी बांध १२१.९२ मीटरच होता. म्हणून मे २०१६ किंवा मे २०१७ ची सेंटिनेल-२ ची मोफत उपग्रहचित्रे घ्या. आज बुडालेल्या टेकड्या त्यांत कोरड्या दिसतात. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ‘जनरेट एक्सवायझेड टाइल्स’ वापरून झूम १० ते १४ ची एमबीटाइल्स फाइल (ओपनसीपीएन वाचू शकते असा तुकड्यांचा नकाशा) बनवा. चित्रातला एक ठिपका १० मीटरचा, त्यामुळे १४ च्या पुढे गेल्यास फाइल फुगते, तपशील वाढत नाही. एकेकटे झाड यात दिसणार नाही, हे विसरू नका. जुना टोपोशीट (सर्वेक्षणाचा छापील नकाशा) वापरणार असाल तर त्याचा एव्हरेस्ट डेटम, म्हणजे जागा मोजण्याचा जुना आधार, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस८४ मध्ये बदला; नाहीतर खडक शंभर मीटरच्या आसपास सरकलेला दिसेल.

तापीवरच्या हतनूर धरणात बोट चालवणार असाल तर हे जुने चित्र फसवेल. तिथे गाळ साचतो, म्हणून ताजे चित्रच घ्यावे.

रोजचा ट्रॅक जपताना फाइलच्या नावात त्या दिवशीची पाणीपातळी लिहा. १३५ मीटरला सुखरूप गेलेली वाट १२९ ला खडकावर नेऊ शकते. साउंडर (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारे यंत्र) फक्त बोटीच्या बुडाखालची खोली सांगतो, पुढची नाही.

निघण्यापूर्वी काठाला बांधून चाचणी घ्या. इंजिन पाच वेळा सुरू-बंद करा, भर दुपारी चार तास चालवा, मग जीपीएसची केबल उपटा. स्क्रीनवरचे बोटीचे चिन्ह करडे झाले पाहिजे. ते नावाड्याला नीट दाखवून ठेवा, कारण जागीच थिजलेले चिन्ह खरे मानून बोट पुढे हाकली जाते. ऑफलाइन नकाशे भरलेला फोनही जवळ असावा, पण स्वतंत्र पॉवर बँकेवर, त्याच बॅटरीवर नव्हे.